खुशबूच्या तोंडातला शब्द

खुशबूच्या तोंडात तो शब्द बसला त्याला दोन महिने होत आले होते, आणि घरात एकट्या भैयालालला सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं.

बाकीचं त्याला माहीत होतं. नात मान झटकते, डोळे मिचकावते, घशातून कोंबडीसारखा आवाज काढते, हे तो ती लहान असल्यापासून पाहत आला होता. 'पोट्टीच्या अंगात करंट जास्त आहे' म्हणून हसण्यावारी न्यायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी या आजाराला टुरेट म्हणतात असं सांगितलं, तेव्हा त्यानं ते नाव एकदोनदा तोंडात घोळवून पाहिलं आणि सोडून दिलं. पण हा शब्द नवा होता. चिचगडला हातपंपावर नंबरावरून रंजिताचं एका बाईशी वाजलं आणि त्या बाईनं जातीचं जुनं नाव काढलं, शिवीसारखं. खुशबू आईच्या बाजूला पाण्याची गुंड धरून उभी होती. अकरा वर्षांच्या आयुष्यात तिनं तो शब्द पहिल्यांदा ऐकला, कारण टेंभुर्ण्यांच्या घरात छप्पन सालच्या धर्मांतरापासून तो कोणी उच्चारलेलाच नव्हता. पुढच्याच आठवड्यात जेवता जेवता तिची मान झटकली आणि तो शब्द तिच्या तोंडातून पडला. मग पडतच राहिला.

डॉक्टरांनी समजावलं होतं. हे मुद्दाम नाही, शिंक यावी तसं येतं. जे म्हणू नये असं मनाला फार वाटतं, कधी कधी तेच जिभेवर चढून बसतं. तिच्या बापाला, रत्नपालला, ते पटलंही होतं. पण तो ज्या शाळेत मास्तर होता त्याच शाळेत ती पाचवीला होती. हेडमास्तरांनी त्याला खोलीत बोलावून, "घरी असंच बोलता का हो तुम्ही?" असं हसत हसत विचारलं, तेव्हा टुरेट हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मुलीला घरी ठेवलं.

आता ते तिघं मुर्रीला, भैयालालच्या गावी, आले होते. उद्या अशोक विजयादशमी. दीक्षेला पन्नास वर्षं होत होती, आणि गावातले जे लोक तेव्हा नागपूरला गेले होते आणि अजून हयात होते त्यांचा विहारात सत्कार होता. भैयालाल त्यातला एक. त्यानं चिचगडला निरोप धाडला होता, सगळे या, पोरीले घेऊन या.

रंजितानं चुलीवरून भाताचा गंज उतरवला. सासू रुक्माबाई पाटावर वांगी चिरत होती. दीर खुशाल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. गोंदियात त्याचं लाउडस्पीकरचं दुकान, त्यामुळे उद्याचा मंडप, माइक, सगळं त्याच्याकडं.

"वहिनी, बुरा नोका मानू," तो म्हणाला, "पन उद्या तिले घरीच ठेवा. नागपूरचे पाहुने येऊन राहिले. सामने बसली अन् तिनं थो शब्द काढला, त माझा माइक पुऱ्या गावाले आयकवन."

"मी का करू भाऊजी?" रंजिता म्हणाली. सासऱ्याला ती मामाजी म्हणायची. "मामाजीनं तिच्यासाठी पांढरा फराक घेऊन ठेवला. तिले माझ्या बाजूले बसवीन म्हन्ते."

"त्याईले कुठं मालूम आहे."

"मंग तुमी सांगा."

रुक्माबाई वांग्याचे देठ गोळा करत हळूच म्हणाली, "दरेकश्याले एक भगत आहे. बाजूच्या शकुंतलाबाईच्या सुनेले त्यानंच चांगलं केलं. आपन देव टाकले, मान्य आहे. पन देवानं आपल्याले टाकलं का नाई, ते कोनं पाह्यलं?"

एरवी रंजितानं तिला थांबवलं असतं. तिचे वडील गावोगाव धम्माची पुस्तकं विकत फिरायचे, भगत आणि लिंबू तिनं माहेरी कधी पाहिले नव्हते. पण गेल्या दोन महिन्यांत चिचगडच्या बायका पंपावर तिला पाहिलं की बोलायच्या थांबत होत्या. ती म्हणाली, "नेऊन पाहू एकदा. मामाजीले कळू न देता."

सासूनं मान वर करून सुनेकडं पाहिलं. या दोघींचं एका गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असावी.

जेवायला भैयालालनं नातीला आपल्या शेजारी बसवलं. अंधार पडायला लागला होता, ओसरीतला बल्ब नुकताच लावला होता. खुशबू मान खाली घालून भात कालवत होती. शब्द घशाशी आला होता. आला की तिला आधी कळायचं, गळ्याच्या आत खाज सुटावी तसं. दाबून ठेवता यायचा, थोडा वेळ. एका हातानं जेवताना दुसऱ्या हातानं ती मांडीला चिमटा काढत होती. गाडीत बसल्यापासून तिनं तो असाच दाबत आणला होता, आबाजींसमोर नाही, एवढंच मनाशी धरून.

"उद्या मले हार घालतीन," भैयालाल म्हणाला, "त तू स्टेजावर माझ्या बाजूले उभी राहाशीन. फोटू काढू दोघाचा."

तिला एवढा आनंद झाला की चिमटा सुटला. मान उजवीकडं झटकली आणि शब्द बाहेर पडला, मोठ्यानं, आजोबांच्या तोंडावर.

ती लगेच पुन्हा म्हणाली, मग पुन्हा. एकदा सुटला की तो तीन-चार वेळा यायचाच. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बोटांना भात लागलेला होता, तो गालाला लागला.

भैयालालनं विचारलं, "कोनं शिकवलं?"

रत्नपालनं सांगितलं. पंपावरचं भांडण, डॉक्टर, हेडमास्तर, सगळं. सांगताना तो बापाकडं न पाहता भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खुंटीकडं पाहत होता. भैयालालनं हात धुतला आणि अंगणात जाऊन बाजेवर बसला.

छप्पन साली तो वीस वर्षांचा होता. नागपूरहून आला तो पांढऱ्या कपड्यांतच. मायनं घरातले देव, देवीसकट, टोपलीत भरले आणि त्यानं ते पांगोली नदीच्या डोहात सोडले. पुढं रेल्वेत कारकुनाची जागा निघाली. जुनी जात लिहून दे, सवलतीत होऊन जाईल, असं साहेबानंच सुचवलं होतं. भैयालालनं कागदावर बौद्ध लिहिलं. जागा दुसऱ्याला गेली आणि हा निवृत्त होईपर्यंत रुळावर गँगमन राहिला. उन्हातान्हात गिट्टी उपसली, पण त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. तो शब्द आपल्यावर संपला, पोरांच्या कानावर गेला नाही, एवढं त्याला पुरत होतं.

रुक्माबाई त्याच्या मागोमाग आली. "आयकता का. दरेकश्याले..."

"मालूम आहे मले. शकुंतलानं मलेही सांगतलं होतं."

"मंग?"

"या घरची पोरगी भगताकडं जानार नाई. मी जिता आहे तवरी नाई."

"तुमचा हट्ट राहू द्या वो. पोरीची जिंदगी आहे. उद्या कोन करन तिले? अशी बोलनाऱ्या पोरीले?"

भैयालालनं खुशबूला हाक मारली. ती दारातच उभी राहिली, पुढं येईना. तेव्हा तो उठून तिच्याजवळ गेला आणि तिच्या गालावरची शितं पुसली.

"उद्या तू माझ्या संग येशीन," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "थो शब्द आला त येऊ दे. तिथं जे बसनार आहेत, त्या सगळ्याईनं थो आयकला आहे. तुह्या तोंडातून आयकला त कोनी मरत नाई."

खुशबूची मान झटकत होती, पण ती हसली. रंजितानं ते पाहिलं. भगताला हो म्हटल्याची तिला लाज वाटली, आणि आपली लाज सासऱ्याला दिसू नये म्हणून ती भांडी घेऊन मोरीकडं गेली.

सकाळी विहारातून परित्राणपाठाचा आवाज येऊ लागला. भैयालाल दाढी करून, पांढरा सदरा घालून केव्हाच पुढं गेला होता. रंजिता खुशबूची वेणी घालत होती, पण मान स्थिर राहत नव्हती. फणी दोनदा कानाला लागली. रात्री पोरीला झोप नव्हती, आज झटके जास्त होते. शब्द तर सकाळपासून पाच-सहा वेळा आला होता.

खुशाल मोटरसायकलवरून परत आला. "वहिनी, पाहुने आले. दोन पेपरवाले पन आहेत." खुशबूकडं पाहून त्याचा आवाज खाली आला. "डॉक्टरची गोळी आहे ना तुमच्याजवळ?"

"बंद केली मी. दिवसभर झोपून राहे. लाळ गळे."

"आजच्या दिवस द्या ना. बाबाची जिंदगीची कमाई आहे वहिनी. पन्नास वर्सांनी त्याईले कोनीतरी खुर्ची देऊन राहिलं. अन् त्याईचीच नातीन सामने उभी राहून त्याईले..." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो नाटक करत नव्हता, हे रंजिताला कळत होतं.

गोळ्यांचं पाकीट पिशवीच्या तळाशी होती. डॉक्टरांनी अर्धी सांगितली होती, आणि मधे खंड पडला तर विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका असंही. अर्धीनं झोप येते, झटके काही लवकर थांबत नाहीत, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. तिनं एक पूर्ण दिली. खुशबूनं पाण्याबरोबर गिळली आणि विचारलं, "यानं नाई येनार ना आई थो?"

"नाई येनार."

"मंग अजून एक दे ना."

रंजितानं आणखी एक दिली.

विहारापुढच्या मंडपात गर्दी मावत नव्हती. आसपासच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरून लोक आले होते. वंदना झाली. खुशबू सगळ्यांबरोबर म्हणत होती. पाठ म्हणताना तिचे झटके नेहमीच थांबायचे, आजही थांबले. रत्नपाल पुरुषांच्या बाजूला बसला होता. त्याला वाटलं, निभावून जाईल. मग भाषणं सुरू झाली आणि ती लांबली. गोळ्या देऊन दोन तास होत आले होते. खुशबू पेंगायला लागली, तशी रंजितानं तिला कुशीत टेकवून घेतलं.

विहार समितीचे शालीकराम माइकवर आले. "आता मी विनंती करतो, आदरणीय भैयालालजी टेंभुर्णे..."

भैयालाल खुर्चीवरून उठला. उठता उठता त्यानं पहिल्या रांगेकडं हात केला, खुशबू, ये. आणि तिथं त्याला तिची मान दिसली.

मान मागं आणि एका बाजूला वळली होती, पण नेहमीसारखी झटकून परत आली नव्हती. तिथंच अडकली होती. डोळे वर गेले होते. पांढरंच दिसत होतं. जीभ बाहेर येत होती, जबडा वाकडा झाला होता, आणि त्यातून शब्द नव्हे, नुसता घरघर आवाज येत होता. रंजिता तिची मान सरळ करायला पाहत होती, ती होत नव्हती. आजूबाजूच्या बायका उठून मागं सरल्या. रांग मोडली. मागून कोणीतरी म्हणालं, "अंगात आलं वाटते." दुसरीनं तेच म्हटलं, मग तिसरीनं. माइक चालूच होता, त्यामुळं मंडपातला गलका भोंग्यांतून गावभर जात होता.

भैयालाल पायऱ्या उतरत होता तेवढ्यात रुक्माबाई पुढं झाली. ती खुशबूपुढं गुडघ्यावर बसली, पदर पसरला आणि हात जोडले. "माय, सोड वो लेकराले," ती म्हणाली. "आमचं चुकलं. तुले डोहात टाकलं, आमचं चुकलं. सोड तिले माय."

ती आयुष्यभर विडीच्या पानांवर वाकून बसलेली बाई. नवऱ्याच्या मागून विहारात यायची, वंदना म्हणायची, पौर्णिमेला खीर वाटायची. भैयालाल शेवटच्या पायरीवर थांबला. बायकोनं पन्नास वर्षं काय मनात ठेवलं होतं ते त्याला आता सगळ्या गावाबरोबर कळत होतं. त्याच्या गळ्यात हार नव्हता, तो शालीकरामच्या हातात राहिला होता.

रत्नपालनं मुलीला उचललं. गर्दीतून वाट काढत तो रस्त्यावर आला आणि समोर आलेल्या ऑटोत तिला घेऊन बसला. रंजिता मागून धावत आली, तिचा एक पाय अनवाणी होता.

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तिच्याकडं पाहताच विचारलं, "कोई दवाई चल रही है? दिमाग की?"

रत्नपाल म्हणाला, "बंद है. महीनेभर से."

"आज दी क्या?"

रत्नपाल नाही म्हणणार तेवढ्यात रंजितानं पाकीट पुढं केलं. त्यातल्या आज रिकाम्या केलेल्या दोन कप्प्यांकडं बोट दाखवलं. डॉक्टरनं मान हलवली, सिस्टरला इंजेक्शन सांगितलं. थोड्या वेळानं खुशबूची मान हळूहळू सैल झाली, डोळे खाली आले. तिनं आईला ओळखलं आणि रडायला लागली. पोरगी वाचली होती. डॉक्टर म्हणाला की ही त्या गोळीचीच रिअ‍ॅक्शन आहे, भीतीचं कारण नाही, पण इतका डोस लहान मुलाला कोणी देतं का.

बाहेर व्हरांड्यात रत्नपालनं विचारलं, "काऊन देल्ली?"

"भाऊजी म्हने. अन् तिनंही मांगितली."

"तुले डॉक्टरनं सांगतलं होतं ना?"

"तुमाले हेडमास्तरनं विचारलं तवा तुमी सांगतलं का?" रंजिता म्हणाली. ती ओरडली नाही. "पोरीले घरात कोंडून ठेवली तुमी. आजार आहे म्हनून एकाही मानसाले सांगतलं नाई. मीच एकटीनं लपवलं का?"

तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "बाबाले नोको सांगू गोळीचं. खुशालचं नाव येईन. बाबा त्याले घराबाहेर काढतीन. तसंही आज लय झालं त्याईले."

"मंग का सांगाचं?"

"काई नोको सांगू."

तिला ते बरं वाटलं. पुढं तिला आयुष्यभर आठवत राहिलं की त्या वेळी तिला ते बरं वाटलं होतं.

घरी आले तेव्हा ऊन कलत होतं. मंडपाकडून सामान उतरवण्याचे आवाज येत होते. भैयालाल बाजेवर बसला होता, सदऱ्याच्या बाह्या दुमडून. त्याच्या बाजूला शाल आणि हार ठेवलेला होता, शालीकराम घरी आणून देऊन गेला असावा. खुशबू बापाच्या खांद्यावर झोपली होती.

"का म्हने डॉक्टर?" त्यानं विचारलं.

रत्नपाल म्हणाला, "आजाराचंच आहे म्हन्ते."

"असं याच्या पहिले झालं होतं का कधी?"

"नाई."

"त्याच्यावर दवा आहे का त्याच्याजवळ?"

रत्नपालनं रंजिताकडं पाहिलं. रंजितानं खाली पाहिलं. "पक्की दवा नाई म्हन्ते बाबा," तो म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

भैयालालनं नातीकडं पाहिलं. मग घरात पाहून त्यानं बायकोला हाक मारली. रुक्माबाई दुपारपासून त्याच्यापुढं आली नव्हती. आता आली, पदर तोंडाशी धरून.

"दरेकश्याची गाडी सकारी किती वाजता आहे?" त्यानं विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती बसून रडायला लागली. खुशाल दारातून म्हणाला, "बाबा, तुमी नोका जाऊ. आमी घेऊन जातो तिले." पण भैयालाल म्हणाला की जायचं तर मीच जाईन, माझ्या हातानं देव टाकले होते.

रत्नपाल तोंड उघडून उभा होता. शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारा तो मास्तर. एक वाक्य बोलायचं होतं, ते त्याला त्या रात्री बोलता आलं नाही आणि सकाळी स्टेशनवर तिकीट काढतानाही नाही.

पॅसेंजर दरेकश्याला थांबली तेव्हा डोंगरावर धुकं होतं. उतरणारे थोडेच. भैयालाल पुढं, त्याच्यामागं रुक्माबाई नारळाची पिशवी घेऊन, मग रंजिता आणि खुशबू, शेवटी रत्नपाल. गोळीचा अंमल उतरला होता. खुशबूची मान झटकत होती आणि दर थोड्या पावलांनी तो शब्द येत होता. रस्त्यानं मोळ्या घेऊन चाललेल्या दोन बायका वळून पाहत उभ्या राहिल्या.

भगत साधा माणूस निघाला. म्हातारा, एका डोळ्यात मोतीबिंदू, अंगणात सूप विणत बसलेला. त्यानं खुशबूला जवळ बसवलं, नाडी पाहिली, कपाळाला हात लावला. तिला भीती वाटू नये म्हणून मुरमुरे दिले. सूप बाजूला ठेवून त्यानं दाणे मांडले, मोजले, पुन्हा मांडले.

"घरची देवी आहे," तो म्हणाला. "रागावली आहे. कोन्ती होती तुमची?"

रुक्माबाईनं नाव सांगितलं. तिला ते बरोबर आठवत होतं.

"पुजत नाई आता?"

"नाई. आमी बौद्ध आहो," भैयालाल म्हणाला.

"ते झालं आताचं. तिले आताचं काऊन कळन? ज्या नावानं तुमी तिले हाक मारत होते, त्याच नावानं येईन ते." भगताच्या बोलण्यात कुठं उणंदुणं नव्हतं. त्याला कामापुरतं हवं होतं. "पहिले तुमी कोन होते? मोठ्यानं सांगा, म्हंजे तिले आयकू येईन. अन् म्हना, मी अमका, तुले परत घरी न्याले आलो."

भैयालाल दाण्यांपुढं बसला होता. त्यानं हात जोडले. रंजिताला वाटलं, आता हे उठतील. उठून म्हणतील, चला घरी. ती त्याच्याकडं पाहत राहिली, आणि त्याचे ओठ हलताना तिला दिसले.

"आबाजी, तुमी नोका म्हनू," खुशबू म्हणाली. तिनं त्याची बाही धरली. "मी म्हन्ते ते माझ्यानं थांबत नाई म्हनून. तुमी नोका म्हनू."

भैयालालनं तो शब्द उच्चारला. नंतर आपलं नाव, आणि मग भगतानं सांगितलेलं बाकीचं वाक्य. आवाज स्पष्ट होता. वीस वर्षांच्या वयात सोडला तो शब्द त्याला शोधावा लागला नाही.

तेव्हा रंजिता बोलली. "मामाजी, गोळी होती ते. काल मी तिले दोन गोळ्या देल्ल्या होत्या. डॉक्टरनं तेच सांगतलं. देवी नाई, काई नाई. गोळीनं झालं होतं."

भगतानं दाण्यांवरचा हात उचलला. रुक्माबाई म्हणाली, "चूप बस वो." रत्नपाल म्हणाला, "बाबा, मी सांगनार होतो." भैयालालनं दोघांकडंही पाहिलं नाही. त्यानं सुनेला विचारलं, "कवा मालूम झालं?"

"काल. दवाखान्यातच."

"अन् यालेही?" त्यानं रत्नपालकडं हात केला.

"हो."

तो हाताचा आधार घेत उठला. भगताला त्यानं नमस्कार केला, त्याचा काही दोष नव्हता. नारळाची पिशवी तिथंच राहिली. परत स्टेशनकडं चालताना रुक्माबाई मागं पडली, तिच्यासाठी थांबायचं कोणाला सुचलं नाही.

गाडीला अवकाश होता. फलाटावर दोनच बाक होते. भैयालाल एका बाकाच्या टोकाला बसून रुळाकडं पाहत होता. रत्नपाल त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, माझी गलती आहे. सोमवारी मी शाळेत जाऊन हेडमास्तरले सगळं सांगतो. तिले परत शाळेत बसवतो." भैयालालनं मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही. दोन मिनिटं थांबून रत्नपाल दूर, नळापाशी गेला.

खुशबूनं आईचा हात सोडला. ती जाऊन आजोबांच्या शेजारी बसली, अगदी चिकटून, जेवायला बसायची तशी. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. बराच वेळ तिनं दाबून ठेवलं. तिचे खांदे ताठ झालेले रंजिताला लांबून दिसत होते. मग मान झटकली आणि तो शब्द आला. पुन्हा आला.

भैयालाल उठला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

खुशबू उठली नाही. तिनं एकदा आईकडं पाहिलं, मग फ्रॉकचा घेर गुडघ्यांवर नीट ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून गाडीची वाट पाहत बसली.